दुपारची झोप कोणाच्या हक्काची? (लहान मुलांच्या ताई-दादांसाठी: नीती, पेच आणि हाताशी ठेवण्याजोगं काही)

कोवळी पानं

नमस्कार मंडळी. एक गोष्ट काही केल्या डोक्यातून जात नाहीये, म्हणून धागा काढतेय. मी तीन ते पाच वर्षांच्या मुलांची ताई, म्हणजे शिक्षिका. अकरा वर्षं हेच काम. आमच्याकडे मुलं दिवसभर असतात, दुपारी जेवणानंतर झोपतात.

वर्गात चार वर्षांचा एक मुलगा आहे. त्याच्या आईची कामाची पाळी पहाटे सुरू होते. मुलगा दुपारी झोपला की रात्री साडेअकरापर्यंत टक्क जागा, आणि तो जागा म्हणजे तीही जागी. महिन्यापूर्वी ती मला दारातच म्हणाली, "ताई, हात जोडते, त्याला दुपारी झोपू देऊ नका." डोळ्यांखाली काळी वर्तुळं, आवाज पार बसलेला. मी लगेच हो म्हटलं.

पुढचे पंधरा दिवस मी त्याला जागं ठेवलं. बाकीची मुलं चटयांवर आडवी झालेली, पडदे ओढलेले, आणि हा माझ्याशेजारी बुटक्या टेबलाशी मातीकाम करत बसलेला. एक दिवस हत्ती करत होता. सोंड अर्धी वळून झाली आणि त्याची मान खाली जायला लागली. मी ओल्या रुमालाने त्याचं तोंड पुसलं. त्याने माझा हात बाजूला केला आणि म्हणाला, "मी झोपत नाहीये ताई, मी फक्त डोळे मिटतोय."

चार वर्षांच्या मुलाला स्वतःच्या झोपेबद्दल माझ्यापुढे सफाई द्यावी लागली. तेव्हापासून मला चैन नाही. आईला दिलेला शब्द पाळू की त्याला झोपू देऊ? आणि एवढा निर्णय मी दारात उभ्या उभ्या, एकटीने का घेऊन टाकला? डॉक्टरांना, वकिलांना आचारसंहिता असते. आपल्याला असते का? असली तर तुम्ही ती खरोखर उघडून बघता का?

जुनी पाटी

आचारसंहिता आहे, आणि गंमत नाही सांगत, दुपारच्या झोपेचं उदाहरण आपल्या क्षेत्रातल्या नीतीच्या प्रशिक्षणात नेहमी चर्चेला घेतलं जातं. तुमच्यासारख्या कित्येक जणी यातून गेल्यात.

अमेरिकेत नॅशनल असोसिएशन फॉर द एज्युकेशन ऑफ यंग चिल्ड्रन ही १९२६ पासूनची संस्था आहे. तिने १९८९ मध्ये आचारसंहिता स्वीकारली. ती तयार करण्यात स्टेफनी फीनी या बालशिक्षणातल्या आणि केनेथ किपनिस हे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक, अशी जोडी होती. नंतर तिच्यात वेळोवेळी सुधारणा झाल्या. तिचे चार भाग आहेत: मुलं, कुटुंबं, सहकारी, आणि समाज. पहिल्या भागातलं पहिलंच तत्त्व असं की मुलाला इजा होईल असं काही करायचं नाही, आणि इजा म्हणजे नुसती शरीराची नाही. अपमान, धाक, मनाला लागेल असं वागणं, सगळं त्यात येतं. हे तत्त्व बाकी सगळ्या तत्त्वांच्या वर आहे, असंही तिथेच स्पष्ट लिहिलंय. ऑस्ट्रेलियातल्या 'अर्ली चाइल्डहूड ऑस्ट्रेलिया'ची संहिता १९९० ची, तिची नवी आवृत्ती २०१६ ची. दोन्ही इंटरनेटवर फुकट वाचता येतात. मी दोन्हींच्या प्रती काढून कपाटाच्या दारावर आतल्या बाजूने चिकटवल्यात.

त्यांतून मी शिकलेली सगळ्यात उपयोगी गोष्ट म्हणजे जबाबदारी आणि पेच वेगळे ओळखणं. मुलाला मारायचं नाही, एका घराची गोष्ट दुसऱ्या घराला सांगायची नाही, ही जबाबदारी. पाळणं अवघड जाईल, पण त्यात दुसरी बाजू नसते. पेच तेव्हा पडतो, जेव्हा दोन्ही बाजूंना काहीतरी बरोबर असतं आणि एक धरलं की दुसरं सुटतं. तुमचा हा पेच आहे. त्याला उत्तराआधी माहिती लागते. तो रात्री नेमका किती झोपतो, हे तुम्ही आईला विचारलंय का?

दोघांची आई

मी शिक्षिका नाही, पालक आहे. राग मानू नका, पण "इजा" हा शब्द वाचून मला बोचलं. ती बाई मुलाचं वाईट चिंतत नाहीये. चार-पाच तासांच्या झोपेवर दिवस काढणारी आई त्याच मुलावर संध्याकाळी ओरडते, कधी हातही उचलते. ते शाळेतून दिसत नाही. तिने मदत मागितली तर लगेच संहिता दाखवायची? मूल तिचं आहे.

जुनी पाटी

तुमचं म्हणणं रास्त आहे. म्हणूनच हा पेच आहे म्हणाले. आईचं म्हणणं चूक असतं तर पेच उरलाच नसता, मी सरळ नाही म्हणा सांगितलं असतं.

कोवळी पानं

जुनी पाटी ताई, विचारलं. काल आईशी फोनवर बोलले आणि माझ्याकडच्या नोंदी पडताळल्या. दुपारी दीड तास झोपला की रात्री साडेअकराला झोपतो, सकाळी साडेसहाला उठतो. म्हणजे रात्रीचे सात तास आणि दुपारचा दीड, एकूण साडेआठ. मी जागं ठेवलं त्या दिवसांत तो नऊलाच झोपायचा. म्हणजे साडेनऊ.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वं दिली, त्यांत तीन-चार वर्षांच्या मुलांना दिवसाच्या २४ तासांत १० ते १३ तास झोप सांगितली आहे. दुपारची झोप त्यातच धरायची. म्हणजे दोन्हीकडून कमीच पडतेय, पण आईने सांगितलं तसं केल्यावर जास्त झोप मिळत होती! हे मला आकडे लिहीपर्यंत कळलं नव्हतं. आणि तरीही, मातीच्या टेबलाशी पेंगणाऱ्या मुलाला मी रोज पाऊण तास ओढून जागं ठेवत होते, हेही खरंच आहे.

दोघांची आई

आता बरं वाटलं. माझंही एक सांगते. मोठा तीन वर्षांचा असताना त्याला वर्गात कोणीतरी चावलं. दंडावर दातांचे सहा ठसे. मी तणतणत गेले, "कोण चावलं, नाव सांगा." त्याच्या ताईंनी कधी घडलं, कुठे घडलं, त्यांनी काय प्रथमोपचार केले, पुन्हा होऊ नये म्हणून काय बदलणार, सगळं लिहून दिलं. नाव दिलं नाही. "ते मूलही माझंच आहे," म्हणाल्या. मला तेव्हा तो चक्क उद्धटपणा वाटला, आठवडाभर मी त्यांच्याशी धड बोलले नाही.

दीड वर्षाने धाकटी चावायला लागली. त्या एका महिन्यात तिने तीन मुलांना चावलं. एकाही पालकाने मला गेटवर अडवलं नाही, कारण कोणाला माहीतच नव्हतं. मी त्या ताईंना जाऊन सांगितलं की मला आता समजलं. माझ्या लेकीला वर्षभर "ती चावणारी" म्हणून कोणी ओळखलं नाही, ते त्यांच्या तोंड बंद ठेवण्यामुळे.

नवा खडू

मला या कामाला दुसरं वर्ष आहे. धागा वाचून हिंमत केली, नाहीतर लिहिणार नव्हते.

माझ्यासोबत वर्गात ज्या मोठ्या ताई आहेत, त्या मुलांना दंडाला धरून खेचतात. मारत नाहीत. पण कोणी चड्डीत शू केली की सगळ्यांसमोर "बघा रे, बाळ कोण आहे आपल्यात" म्हणतात आणि मुलं हसतात. गेल्या आठवड्यात एका मुलीने शू झाल्यावर खाली वाळूत बसून फ्रॉकवर वाळू लोटली, ओलं दिसू नये म्हणून. मी ते पाहिलं. त्या ताईंना वीस वर्षांचा अनुभव आहे, पालकांत त्यांचं नाव आहे. मी कुठे बोलू? नोकरी जाईल अशी भीती वाटते.

जुनी पाटी

नवा खडू, तुमच्या बाबतीत पेच नाही. ही जबाबदारी आहे. भीती खरी आहे, पण दुसरी बाजू नाही.

क्रम सांगते. संहितेतही साधारण हेच आहे की सहकाऱ्याच्या वागण्याबद्दल शंका असेल तर आधी त्यालाच, खाजगीत, माणुसकीने सांगावं. मुलं गेल्यावर बसा. "तुम्ही असं करता" म्हणू नका. वाळूचं जे पाहिलंत तेच सांगा, अगदी तसंच. पुष्कळ जणी आपल्या लहानपणी जे सोसलं तेच हातून करत असतात, त्यांना ते दिसतच नाही. फरक पडला नाही तर तारीख, वेळ, काय पाहिलं, काय ऐकलं एवढंच लिहून प्रमुखांकडे जा. "त्या क्रूर आहेत" हे मत झालं. "डावा दंड धरून दारापासून चटईपर्यंत ओढत नेलं" ही नोंद झाली.

मात्र मार, जखम किंवा लैंगिक त्रासाची शंका असेल तर हा क्रम लागू नाही. तिथे सहकाऱ्याशी खाजगीत बोलत बसायचं नाही, त्याच दिवशी वर कळवायचं आणि आपल्या इथला कायदा ज्यांना कळवायला सांगतो त्यांना कळवायचं. मूल काही बोललं तर शांतपणे ऐकायचं, खोदून विचारायचं नाही, "त्यांनी असं केलं का?" असं उत्तर त्याच्या तोंडात घालायचं नाही. "मी कुणाला सांगणार नाही" असं वचन तर मुळीच द्यायचं नाही, कारण ते पाळता येणार नाही. त्याचे शब्द जसेच्या तसे लिहायचे, त्याने अवयवाला घरचा शब्द वापरला तर तोच. खरंखोटं ठरवणं आपलं काम नाही. आपलं काम ऐकणं आणि पोचवणं.

सावली

मी मदतनीस. शी-शू, कपडे बदलणं, फरशी, अंथरुणं हे माझं काम. सोळा वर्षं झाली. असल्या चर्चेत आम्हाला कोणी बोलावत नाही म्हणून लिहिते.

तुम्ही वर्गातलं बोलताय. मुलाची लाज राखली जाते की नाही ते संडासात ठरतं. मी स्वतःसाठी काही नेम केलेत. हात लावायच्या आधी सांगायचं, "आता मी तुझी चड्डी काढते हं." दोन वर्षांच्या मुलालाही सांगायचं. ते थांबलं, अंग चोरलं, तर मीही थांबते. जेवढं त्याला स्वतः पुसता येतं तेवढं त्याला पुसू देते, वेळ लागला तरी. दार बाहेरून कोणीही येऊ शकेल इतकं उघडं, पण मूल सगळ्यांना दिसणार नाही इतकं लोटलेलं. नाक दाबायचं नाही, "छी" म्हणायचं नाही. सुटे कपडे दाराआडच्या खुंटीला पिशवीत असतात, मागायला वर्गातून जावं लागत नाही. वाळूतल्या त्या मुलीला एवढं मिळालं असतं तर तिने वाळू लोटली नसती.

आणि एक. पंचवीस मुलांमागे मी एकटी असले की हे सगळं मोडतं. तेव्हा मीही खेचते. मला त्याचं वाईट वाटतं, पण दोन हातांत किती मावणार?

कोवळी पानं

सावली ताई, तुमची पोस्ट मी तीनदा वाचली. आमच्या पुढच्या बैठकीत मोठ्याने वाचून दाखवू का? तुमची हरकत नसेल तरच.

सावली

वाचा. मदतनिसांना बसवून वाचा.

जुनी पाटी

सावली ताईंनी पहिल्या पोस्टच्या शेवटी लिहिलेलं कोणीही सोडून पुढे जाऊ नका. "पंचवीस मुलांमागे एकटी" हाही नीतीचाच प्रश्न आहे, तो फक्त मदतनिसाच्या गळ्यात मारता येत नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१३ मध्ये जिनिव्हात बैठक घेऊन बालशिक्षणातल्या लोकांसाठी सन्मानजनक कामाची मार्गदर्शक तत्त्वं ठरवली. त्यांत वेतन, कामाच्या अटी, प्रशिक्षण सगळं आहे, आणि सहायकही त्यात मोजलेत. संस्थाचालकांशी बोलताना तो कागद सोबत न्या. "आम्हाला जमत नाही" म्हणण्यापेक्षा त्याला वजन येतं.

शब्दवेल

मी वाचा-उपचारतज्ज्ञ. माझ्याकडे मुलं येतात ती बऱ्याचदा एखाद्या ताईच्या शब्दावरून, आणि तो शब्द कसा उच्चारला गेला त्यावर पुढची दोन-तीन वर्षं ठरतात.

एक आई रडत आली होती. तिला जिन्यात, इतर पालक वर-खाली करत असताना सांगण्यात आलं होतं, "तुमचा मुलगा ऑटिस्टिक वाटतो, दाखवून घ्या." दाखवून घ्यायला हवं होतं, त्यात त्या ताई चुकल्या नाहीत. पण निदान करणं आपल्या कामात बसत नाही, आणि जिना ही बोलायची जागा नाही. त्या आईने नंतर चार महिने कोणालाच दाखवलं नाही. मुलाचे चार महिने गेले.

काय सांगायचं? पाहिलेलं. "गेल्या तीन आठवड्यांत मी त्याला मागून हाक मारली तर दहापैकी दोनदा वळला. गाड्या रांगेत लावतो, रांग मोडली तर बराच वेळ शांत होत नाही. घरी तुम्हाला काय दिसतं?" एवढं, बंद दाराआड, दोन खुर्च्यांवर बसून. शेवटचा प्रश्न विसरू नका, त्याने आईला बोलायला जागा मिळते. अमेरिकेच्या सीडीसीच्या, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्य संस्थेच्या, मुलांच्या विकासाच्या टप्प्यांच्या याद्या फुकट मिळतात. २०२२ मध्ये त्या बदलल्या, आता त्या वयाची ७५ टक्के किंवा त्याहून जास्त मुलं जे करतात तेच त्या वयाखाली लिहिलंय. त्यामुळे "थांबून बघू" म्हणायची जागा कमी झाली. मात्र यादी म्हणजे निदान नव्हे, आणि ती दुसऱ्या देशाची आहे हेही लक्षात असू द्या. आणि माझ्याशी किंवा डॉक्टरांशी बोलण्याआधी पालकांची संमती घ्या, लेखी.

नवा खडू

फोटोंबद्दल कोणी बोलाल का? आमच्याकडे रोज ग्रुपवर टाकावे लागतात.

कोवळी पानं

आम्ही गेल्या वर्षी बंद केलं. संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करारही १९८९ चाच, त्याच्या सोळाव्या कलमात मुलाच्या खाजगीपणाचा हक्क आहे. वयाची अट नाही. आता प्रत्येक घराला फक्त आपल्या मुलाचा फोटो जातो, रडताना, अंघोळीत, संडासात, झोपेत कधीच काढत नाही, आणि फोटो शाळेच्या फोनवरच राहतात, ताईंच्या नाही. मुलाला विचारतोही, "काढू का?" एक मुलगी रोज नाही म्हणते. तिचे काढत नाही, तिच्या चित्रांचे काढतो. त्यालाही ती कधी कधी नाही म्हणते!

जुनी पाटी

तिचं "नाही" ऐकताय हे वाचून यानुश कोर्चाक आठवले. पोलंडमधले बालरोगतज्ज्ञ, वॉर्सामध्ये अनाथाश्रम चालवायचे. तिथे मुलांचं न्यायालय होतं. मुलं एकमेकांवर तक्रार नोंदवत, आणि मोठ्यांवरही. स्वतः कोर्चाकही त्या न्यायालयासमोर उभे राहिले. १९४२ च्या ऑगस्टमध्ये नाझींनी त्या मुलांना ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत नेलं तेव्हा ते मुलांना सोडून गेले नाहीत.

त्यांचं शेवटचं धैर्य सगळे सांगतात. मला ते न्यायालय जास्त महत्त्वाचं वाटतं. आपल्या कामात मूल तक्रार करू शकत नाही. दोन वर्षांच्याला शब्द नाहीत, चार वर्षांच्याला मोठे बरोबरच असतात असं वाटतं. त्याला दंड दुखला तरी तो घरी जाऊन "मी मस्ती केली" असंच सांगतो. म्हणून मोठ्यांनीच तक्रारीची जागा आधी बांधून ठेवावी लागते. आमच्याकडे महिन्यातून एकदा, मुलं गेल्यावर, एक तास. प्रत्येकीने आपल्या हातून घडलेली एक गोष्ट सांगायची, दुसऱ्याची नाही. पहिले तीन महिने कोणी बोललं नाही. मग मी सांगितलं की एका मुलाचा आवाज मला सहन होत नाही आणि मी त्याला उत्तर द्यायला मुद्दाम उशीर करते. त्यानंतर लागल्या बोलायला.

दोघांची आई

ताई, त्या मुलाचं पुढे काय झालं?

जुनी पाटी

दुसऱ्या ताईंनी दोन महिने सकाळचा वेळ त्याच्याबरोबर घेतला. मी लांबून बघत राहिले. तो मोठ्याने बोलायचा कारण त्याला कमी ऐकू यायचं. कानात मळ आणि पडद्यामागे पाणी साठलेलं निघालं. मी त्याच्यावर नुसती चिडतच राहिले असते तर हे कोणाच्या लक्षात आलं नसतं.

नवा खडू

सांगायला आलेय. बोलले त्यांच्याशी. वाळूचं सांगितलं, दुसरं काहीच नाही. आधी त्या म्हणाल्या, "अगं मस्करीत म्हणते मी." मग बराच वेळ गप्प. नंतर म्हणाल्या, लहानपणी अंथरूण ओलं केलं की त्यांची चादर आई गॅलरीत सगळ्यांना दिसेल अशी वाळत घालायची. काल एका मुलाला शू झाली, त्या उठल्या, त्याला हाताला धरून चालत नेलं, काही बोलल्या नाहीत. दंडाला धरणं अजून आहे. मी तारखा लिहायला सुरुवात केलीये, त्यांनाही सांगितलंय की लिहितेय.

कोवळी पानं

माझंही सांगते. परवा आईला बोलावलं, दारात नाही, आत. सावली ताईंचं वाचून मदतनीस ताईंनाही बसवलं, कारण झोपवतात त्याच. मी आधी आईची माफी मागितली, की विचार न करता हो म्हटलं आणि मग आतल्या आत तुमच्यावरच चिडत राहिले. झोपेचे आकडे तिच्यासमोर ठेवले. तिचं बरोबर होतं हेही सांगितलं, आणि हत्तीचंही सांगितलं. हत्तीचं ऐकून ती रडली.

तोडगा मदतनीस ताईंनी काढला. त्याला सगळ्यात आधी, खिडकीपासून लांबच्या चटईवर झोपवायचं आणि चाळीस मिनिटांनी उठवायचं. ओला रुमाल बंद. पडदा थोडा सरकवायचा आणि पाठीवर हात ठेवून बसायचं, तो उठेपर्यंत. ज्या दिवशी झोप येत नसेल त्या दिवशी शांतपणे पुस्तक बघायचं, झोपण्याचीही जबरदस्ती नाही. आईने रात्री साडेआठनंतर फोन-टीव्ही बंद करायचं कबूल केलं. दोन आठवड्यांनी पुन्हा बसायचं.

आज नववा दिवस. रात्री पावणेदहाच्या आसपास झोपतोय. दहा तास अजून भरत नाहीत. आजची नोंद इथेच उतरवते: १२.५० ला झोपला, १.३० ला उठवलं, पाच मिनिटं मांडीवर बसून राहिला, रडला नाही. मग माती मागितली.